चाकांवरचं घर आणि माझं दिग्व्रत



गेले दोन महिने मंदिरात जी भेटते ती एकच विचारते, "लेकीनं लंडनला घर घेतलं म्हणे, चाकांवरचं?" म्हणून आज एकदाच सगळं सविस्तर लिहिते. लंडनला नाही, लेस्टरला. आणि घर नाही, गाडी. तीही 2017 सालची, सेकंडहँड.

तिकडं तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. बाहेरून आपल्याकडच्या मोठ्या व्हॅनसारखीच दिसते. आत मागच्या बाजूला दोन शेगड्यांचा छोटा ओटा, एक सिंक, हातभर उंचीचा फ्रीज आणि भांड्यांचं कपाट. रात्री बाक पुढं ओढला की त्याचाच पलंग होतो. दोन माणसांचा संसार एका ओळीत मांडलेला.

लेक आणि जावई तिकडं गेल्याला आता तीन वर्षं झाली. अजून भाड्याच्या घरात राहतात. त्यामुळं नातेवाइकांत पहिली प्रतिक्रिया हीच होती की आधी घर घ्यायचं सोडून हे काय फिरतं खूळ? मला मात्र कारण ऐकल्याबरोबर पटलं होतं, कारण ते कारण स्वयंपाकघरातलं होतं.

सूर्य साडेपाच तास इकडं तिकडं

आपल्या सोलापुरात सूर्यास्त हिवाळ्यात सहाच्या थोडा आधी आणि उन्हाळ्यात सातच्या सुमाराला. वर्षभरात फार तर सव्वा तासाचा फरक. रात्रिभोजन त्यागाचा नियम आपण सहज पाळतो तो काही अंशी या सूर्याच्या कृपेनं. लेस्टरला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत असतो. हिवाळ्यात दोघंही कामावरच डबा दोनदा उघडतात, एक वाजता आणि साडेतीनला. बरोबरच्या माणसांना आता सवय झाली आहे.

घरी आणि कामावर जमतं. अडचण येते ती बाहेरगावी. दोन वर्षांपूर्वी दोघं चार दिवस स्कॉटलंडला गेली. हॉटेलात राहायचं, म्हणजे शेगडी नाही. बाहेर शाकाहारी म्हणून जे मिळतं त्यात कांदा, लसूण, बटाटा यांतलं काहीतरी असतंच, नाहीतर अंडं. चार दिवस दोघांनी ब्रेड, केळी, सफरचंदं आणि खारे शेंगदाणे खाल्ले. परत आल्यावर जावई म्हणाले, "आई, डोंगर बघितले की नाही आठवत नाही, केळी तेवढी आठवतात."

तिथूनच विचार निघाला की जिथं जाऊ तिथं आपलं स्वयंपाकघर बरोबर असलं पाहिजे.

लेस्टरला जैन सेंटर आहे, 1988 सालापासून. जुन्या चर्चची इमारत घेऊन तिच्यात मंदिर केलेलं. आत श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही पंथांची सोय एकाच छताखाली आहे. पण दोघांना अधूनमधून लंडनच्या हॅरो भागातल्या दिगंबर मंदिरात जायचं असतं, आणि पॉटर्स बारच्या ओसवाल सेंटरमधलं मंदिर पाहायचं असतं. तिथं एक रात्र काढायची तरी हॉटेलच. म्हणजे गाडी केवळ हौसेची नव्हती.

परिग्रह किती रकान्यांत लिहायचा?

आता आपला खरा प्रश्न. आपल्याकडं बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत. एका यादीत ते असे येतात: क्षेत्र, वास्तू, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद, यान, शयनासन, कुप्य आणि भांड. मी लेकीला फोनवर म्हटलं, "तुझी ही गाडी कुठल्या रकान्यात लिहिणार? ती यान आहे, झोपायला पलंग आहे म्हणून शयनासन आहे, पडदे-गाद्या आहेत म्हणून कुप्य आहे, भांडी आहेत म्हणून भांड आहे, आणि राहणार म्हणून वास्तूही आहे." ती हसली. पण जावई हसले नाहीत. त्यांनी लग्नाच्या आधीच परिग्रहपरिमाण घेतलंय आणि त्यात वाहन एकच असं लिहिलंय.

या व्रताचं दुसरं नाव इच्छापरिमाण. मला ते नाव जास्त आवडतं. वस्तू मोजायच्या त्या इच्छा मोजता याव्यात म्हणून. जावयांकडं आधीच एक लहान मोटार होती. म्हणजे कॅम्परव्हॅन आली की मोटार जाणार. मोटार गेली की रोज कामावर, बाजारात, मंदिरात जायलाही हीच गाडी. मग ती घराच्या दारात मावली पाहिजे. रोजच्या रस्त्यावर वळली पाहिजे. आणि लंडनच्या मंदिरात जायचं तर तिथल्या प्रदूषणाच्या नियमात बसली पाहिजे, कारण ऑगस्ट 2023 पासून सगळ्या लंडनभर जुन्या डिझेल गाड्यांना रोजचे साडेबारा पौंड भरावे लागतात. त्यातून सुटायचं तर डिझेल गाडी युरो 6 दर्जाची हवी.

बघा, एका व्रतानं निम्मी खरेदी आधीच करून टाकली. मोठी घरासारखी मोटारहोम बाद. फार जुनी बाद. दुसरी गाडी ठेवून हौसेला तिसरी, हा प्रश्नच नाही. पैशांची मर्यादा 16 हजार पौंड, म्हणजे आपल्या हिशोबानं 16 लाखांच्या वर. ती रक्कम त्यांनी आधी कागदावर लिहिली आणि मगच जाहिराती बघायला सुरुवात केली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींना वाटतं की व्रत घेतलं की हात बांधले जातात. माझा अनुभव असा की व्रत असलं की दुकानात उभं राहून डोकं गरगरत नाही.

चिंचोळीतल्या शेडमधून लेस्टरची गाडी

आमच्या यांचा चिंचोळी एमआयडीसीत छोटा शेड आहे. सोलापूरहून पुणे रस्त्याला लागलं की ही वसाहत येते, तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. एक जुनं लेथ, दोन सीएनसी मशीन आणि पाच माणसं. जॉबवर्क करतात. वसाहतीत मोठे कारखानेही आहेत. कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन इथंच आहे, 1992 साली सुरू झालेली. तिचा माल परदेशी गाड्यांच्या इंजिनात जातो. त्यामुळं चिंचोळीत चहाच्या टपरीवरसुद्धा इंजिनाच्या गोष्टी चालतात.

शोध सुरू केला तो दिवाळी, म्हणजे महावीर निर्वाणाचा लाडू चढवून झाल्यावर. चातुर्मासात मोठी खरेदी नको, हे लेकीचं म्हणणं. योगायोगानं ते व्यवहारालाही धरून होतं. तिकडं उन्हाळा संपला की अशा गाड्यांना गिऱ्हाईक कमी होतं आणि भाव उतरतात. शिवाय गाडीत ओल आहे का हे पावसाळी हवेतच कळतं.

लेक फोन घेऊन गाडीपाशी उभी राहायची आणि इकडं हे शेडमध्ये. हिवाळ्यात तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. पहिल्याच दिवशी यांनी शेडमधली तिन्ही मशीनं बंद करायला लावली, कारण आवाज ऐकायचा होता. पाचही माणसं फोनभोवती गोळा झाली. मी डबा घेऊन गेले होते, मीही उभी राहिले.

यांनी सांगितलेल्या गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या. कुणाचं लेकरू कुठंही जुनी गाडी घेत असेल तर उपयोगी पडतील.

पहिली, बोनेटवर हात ठेवून बघायचं. आपण यायच्या आधीच मालकानं इंजिन गरम करून ठेवलं असेल तर खोड लपवायची असू शकते. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज करतं तो खरा. दुसरी, धुराचा रंग. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. दाट पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर थंडाव्याचं पाणी आत शिरतंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. तिसरी, तेल ओतायचं झाकण उघडून त्याच्या आतली बाजू बघायची. तिथं लोण्यासारखा पांढुरका थर असेल तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यायची. चौथी, इंजिनातला टायमिंगचा पट्टा कधी बदलला याची पावती मागायची. हा पट्टा कॅमशाफ्ट फिरवतो आणि कॅमशाफ्ट झडपा उघडतो. पट्टा तुटला तर बहुतेक इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळतात आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च समोर येतो. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. तिचा खळखळ आवाज थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही क्षणांत ऐकू येतो.

कागदपत्रांचं काम जावयांनी केलं. तिकडं गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते. गाडीचा नंबर टाकला की सरकारच्या संकेतस्थळावर जुन्या तपासण्या फुकट बघता येतात. गाडी कधी नापास झाली, कशामुळं झाली आणि त्या वेळी किती मैल चालली होती, सगळं. आपल्या आरसी बुकासारखं तिकडं व्ही फाइव्ह सी असतं. ते हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि त्यात नाव आहे म्हणजे तोच मालक असंही नाही. गाडीवर कर्ज बाकी आहे का, हे थोडे पैसे भरून वेगळं तपासून घ्यावं लागतं.

स्वयंपाकघराची तपासणी माझ्याकडं होती. मी तिला गॅसच्या टाकीची पेटी उघडायला लावायची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून ती पेटी आतल्या बाजूनं बंद हवी आणि तिच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. ते भोक बुजवलेलं असेल तर पुढं बघायचंच नाही. शेगडीची ज्योत निळी आहे का बघायची. कार्बन मोनॉक्साइडची घंटी बसवली आहे का, आणि ती दाबून वाजते का, तेही.

चार गाड्या

पहिली गाडी फियाट ड्युकाटोवर बांधलेली होती. मर्यादेपेक्षा मोठी आहे हे दिसत होतं, पण किंमत कमी म्हणून नजर टाकायला गेले. आत सुगंधी फवारा मारलेला. जावयांनी ओल मोजायचं छोटं यंत्र नेलं होतं. 15 टक्क्यांपर्यंत आकडा ठीक समजतात, 20 च्या वर गेला की काळजी. मागच्या खिडकीखाली 26 आला. लाकडी सांगाडा आतून कुजत असणार. नमस्कार करून परत.

दुसरी जुनी फोक्सवॅगन, छत वर उचलता येणारी. लेकीला इतकी आवडली की तिचा आवाज बदलला. "आई, पडदे बघ ना, अगदी आजीच्या नऊवारीचे काठ!" पण गाडी 1990 च्या दशकातली, लंडनच्या नियमात न बसणारी आणि दाराखालचा पत्रा गंजलेला. किंमतही मर्यादेच्या दोन हजार वर. मी काही बोलले नाही. तिनं स्वतःच वहीतली रक्कम बघितली आणि म्हणाली, "ही इच्छेच्या रकान्यातली आहे."

तिसरी सगळ्यांत छान दिसत होती. हे इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले होते. पण एमओटीच्या नोंदीत एका वर्षी जेवढे मैल होते त्यापेक्षा पुढच्या वर्षी कमी होते. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला की लिहिणाऱ्याची चूक असेल. कागद मागितले तर टपालात आहेत. चूक असूही शकते, पण दोन शंका एकदम आल्या की थांबायचं, असं यांचं मत पडलं. शेडमधल्या एका पोरानं तेवढ्यात विचारलं, "मॅडम, लंडनलापण काटा मागं फिरवतात?" सगळे हसले.

चौथी गाडी दाखवायला ठरलं ते शनिवारी, आणि त्या दिवशी चतुर्दशी होती.

अष्टमी-चतुर्दशीला मी देशव्रत घेते. सकाळी पूजेनंतर ठरवायचं की आज घर आणि मंदिर, याच्या बाहेर नाही. आता देशव्रताचे पाच अतिचार आठवा: आनयन, प्रेष्यप्रयोग, शब्दानुपात, रूपानुपात, पुद्गलक्षेप. म्हणजे सीमेबाहेरची वस्तू मागवायची नाही, बाहेर कुणाला कामाला पाठवायचं नाही, आवाज देऊन बाहेरच्याला इशारा करायचा नाही, आपलं रूप दाखवून काम साधायचं नाही, काही फेकूनही नाही. ज्या काळात टेलिफोन नव्हता त्या काळात आचार्यांनी शब्दानुपात आणि रूपानुपात लिहून ठेवले. व्हिडिओ कॉल म्हणजे दुसरं काय? माणूस इथंच, आवाज आणि चेहरा सीमेपलीकडं. दुसऱ्या कुणी काय करावं ते मी सांगत नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय की त्या दिवशी असल्या व्यवहाराचे कॉल घ्यायचे नाहीत.

त्यामुळं जी गाडी अखेर घेतली ती मी पाहिलीच नव्हती. मी सामायिक करून स्वाध्यायाला बसले. मन चिंचोळीला धावत होतं, हेही लिहिते. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आवाज शिवणाच्या मशीनसारखा आहे." एवढ्यावरून मला कळलं.

रेनॉल्ट ट्राफिक, 2017 ची, युरो 6. पट्टा नाही, साखळी. एका वयस्कर जोडप्याची. वर्षाची प्रत्येक पावती त्यांनी फायलीत लावलेली. आता गुडघ्यांमुळं चढता-उतरता येत नाही म्हणून विकत होते. 15,200 पौंडाला ठरलं. लहान मोटार त्याच आठवड्यात विकली.

शेगडी बदलली

एक गोष्ट त्या बाईंनी आपणहून सांगितली, की रोज सकाळी या शेगडीवर आमचं मांसाचं न्याहारीचं व्हायचं. किती सरळ बाई! लेकीनं त्यांना आपला नियम सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग शेगडी बदलून घे, मी शंभर पौंड कमी करते." वरचे 15,200 ते असे झाले.

शेगडी नोंदणीकृत गॅस मिस्त्रीकडून नवी बसवून घेतली. फ्रीज, कपाटं, सिंक धुऊन-पुसून चार दिवस उघडं ठेवलं. जुनी भांडी दिली नाहीत तेच बरं झालं. सीट कापडाच्या होत्या, चामड्याच्या नाहीत, हे जावयांनी आधीच विचारलं होतं.

मग मी तिला मर्यादांचा कागद पाठवला. गाडीच्या टाकीतलं पाणी फक्त धुण्याला. प्यायचं पाणी वेगळ्या भांड्यात, दुहेरी कापडानं गाळून. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं. लवंग घालून प्रासुक केलं तर 6 तास, उकळलं तर 24 तास. म्हणून सकाळी उठल्यावर पहिलं काम पाणी उकळणं, की दिवसभराची चिंता मिटली. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. तिनं विचारलं, "तिकडं बाराही महिने पाऊस, मग कुठली धरू?" मी म्हटलं, "शंका आली की कमी दिवसांची धर." लांब जायचं असलं की घरून भाजलेली कडक भाकरी, बिनलसणाची शेंगा चटणी आणि मूगडाळ. सोलापूरकराला प्रवासाचं एवढंच लागतं.

आणखी एक नियम दोघांनी स्वतःहून केला. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. दिव्यांवर किडे येतात आणि काचेवर मरतात. जेवण आणि चाकं, दोन्ही एकाच वेळी थांबवायची. तिकडं रस्त्याकडेला कुठंही मुक्काम करता येत नाही, ठरलेल्या जागी पैसे भरून राहावं लागतं. त्यामुळं लवकर पोचणं तसंही बरं.

माझी जागा

गाडी घरी आली त्या रात्री लेकीनं विचारलं, "आई, आता तर तुझ्या जेवणाचीही सोय झाली. आता येशील ना?"

तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, 2011 साली कुंथलगिरीला मी दिग्व्रत घेतलं. देशभूषण-कुलभूषण मुनींच्या त्या सिद्धक्षेत्रावर उभं राहून मी माझ्या सीमा सांगितल्या: तीन बाजूंना समुद्र आणि उत्तरेला हिमालय. समुद्र, नदी, जंगल, पर्वत अशा सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणांनीच सीमा बांधावी, असं शास्त्र सांगतं. सम्मेद शिखरजी आत येतं, श्रवणबेळगोळ आत येतं, गिरनार आत येतो. माझ्यासारख्या बाईला आयुष्यभर पुरेल एवढं आहे, असं वाटलं होतं. तेव्हा लेक शाळेत होती. ती समुद्रापलीकडं संसार थाटेल हे कुणाच्या मनात होतं?

तिनं हळूच विचारलं, "महाराजांना विचारून सीमा थोडी वाढवता येत नाही का?" मी म्हटलं, "त्याला क्षेत्रवृद्धी म्हणतात बाळा. तो अतिचार आहे." ती गप्प झाली. नंतर म्हणाली, "आणि उद्या बाळंतपण आलं तर?" मी म्हटलं, "तर तू येशील. पहिलटकरीण माहेरी येते, आई सासरी जात नाही." हे बोलायला सोपं गेलं, ऐकायला तिला नव्हतं. तीन दिवस तिचा फोन आला नाही.

त्या तीन दिवसांत मी माझ्या मनाशी खूप बोलले. आपल्या समाजाला समुद्र वर्ज्य नव्हता कधी. याच सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींनी जहाजं काढली, बेंगळुरूला विमानांचा कारखाना उभा केला, 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून देशात मोटारी बनवायचा घाट घातला. व्यापारी माणसं दूर जाणारच. यांनीही दिग्व्रत घेतलेलं नाही, मशीन बघायला कधी परदेशी जावं लागेल म्हणून. व्रत सगळ्यांवर लादायचं नसतं आणि ज्यानं घेतलं त्यानं ते सोयीनं ताणायचं नसतं. दिग्व्रताचं फळ असं सांगितलंय की सीमेबाहेरच्या सगळ्या जगापुरतं गृहस्थाचं अणुव्रत महाव्रतासारखं होतं, कारण तिथं त्याच्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही. माझ्यासारख्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला, जगाच्या एवढ्या मोठ्या भागापुरतं का होईना, मुनींच्या वाटेच्या इतकं जवळ जाता येतं. ते मी एका गाडीतल्या जागेसाठी कसं देऊ? जागा लेकीशेजारची असली तरी.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. तिनं जावयांशी बोलून स्वतःची सीमा ठरवली होती. आयुष्यभराची नाही, एका वर्षाची: या वर्षी गाडी ब्रिटनचं बेट सोडून जाणार नाही. समुद्राखालून फ्रान्सला गाडी नेता येते, मित्रमंडळी सगळी जातात, पण यंदा नाही. "तुझ्या बाजूला समुद्र, माझ्या बाजूला समुद्र," ती म्हणाली. मला पुढं काही बोलता आलं नाही, म्हणून मी तिला पिठाची मर्यादा पुन्हा सांगितली.

जूनमध्ये हे जाणार आहेत, तीन आठवड्यांसाठी. तिकीट काढलंय. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला तेव्हा सूर्य रात्री दहानंतर मावळतो. संध्याकाळचं जेवण किती वाजता करायचं, यावरून बापलेकीची आत्तापासून चर्चा सुरू आहे. मी सांगितलंय, सूर्य दहाला मावळतो म्हणून दहापर्यंत खात बसायचं नाही. सात वाजता जेवा आणि उरलेला उजेड बघायला वापरा.

यांच्या बॅगेत पाणी गाळायची चार नवी कापडं, भाकरीचा तवा आणि दोन किलो शेंगा चटणी जाणार आहे. येताना माझ्यासाठी काय आणू असं हे विचारत होते. मी म्हटलं काही नको, तुम्ही या. आणि त्या गाडीत मागच्या बाकावर बसून बघा, लेकीच्या हाताला ओटा उंच पडतो का. फोनवर ते नीट कळत नाही.